कनातीतली कोरी जागा

१३ जानेवारी १९५५, गुरुवार

डोक्यावर पुन्हा हत्ती! सकाळपासून गच्चीत काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज. इथल्या नाईलकाठच्या कापसाच्या भावाची तार लिहीत होतो — आकडा तीनदा चुकला. माझ्या एका शून्यापायी मुंबईचा एखादा शेठ बुडायचा, म्हणून वर गेलो.

गच्चीत इन्शिराहबाई. आमच्याच मजल्यावर समोरच्या बिऱ्हाडात आईसह राहतात. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवतात आणि उरलेल्या वेळात चित्रकलेशी भांडतात. गच्चीतली धुण्याची खोली त्यांनी घरमालकाच्या मागे लागून मिळवली, तेव्हापासून साऱ्या इमारतीची धुणी सज्ज्यांत वाळतात आणि सारी इमारत त्यांच्यावर डूख धरून आहे. बाईंना याचा पत्ता नाही. किंवा पत्ता आहे, पर्वा नाही. दुसरंच खरं.

आज तपकिरी कागदाला कागद चिकटवून गच्चीभर अंथरले होते. त्यावर बाई अनवाणी, हातात कोळसा.

“हिंदीसाहेब, बूट काढा. तुम्ही माझ्या चित्रावर उभे आहात.”

“चित्र कुठं आहे?”

“बुटांखाली म्हटलं ना!”

हे सगळं मार्चमधल्या वसंत-प्रदर्शनासाठी. गेल्या तिन्ही खेपेला परीक्षकांनी त्यांची चित्रं घेतली खरी, पण लावली जिन्याखाली — जिथं लोक टोप्या आणि काठ्या ठेवतात. म्हणून यंदा बाईंचा निश्चय : जिन्याखाली मावणारच नाही एवढं मोठं करायचं! मुख्य भिंतीवाचून लावायला जागाच उरता कामा नये.

“आणि रंगात नाही, कापडात. तंबूवाल्यांकडून शिवून घेणार. कनात!”

लग्नाच्या, मयताच्या मांडवाला लावतात ती कनात — जाड कापडावर रंगीत कापडाचे तुकडे टाचलेली. ती म्हणे कलाप्रदर्शनात! जिन्यातून सित्त दौलतचा आवाज आला. या इन्शिराहबाईंच्या मातोश्री; सित्त म्हणजे इथं बाईसाहेब. गुडघे जिना चढू देत नाहीत, पण आवाजाला गुडघे नसतात.

“मी मिशनच्या जोगिणींच्या शाळेत शिवण शिकले, हिला चित्रं काढायला पाठवली. आता ही शिवणार — तेही पुरुषांकडून! अरे हिंदी, तुझ्या देशात असल्या मुलींचं काय करतात रे?”

“आमच्याकडं त्यांच्या मूर्ती करून पूजा करतात, सित्त दौलत. मेल्यावर.”

“मग आमचंच बरं. आम्ही जिवंतपणीच रडून घेतो.”

२० जानेवारी

बाईंबरोबर जुन्या शहराच्या जुवैला दरवाज्याबाहेरच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत गेलो. कागदांची वळकटी माझ्या खांद्यावर. वार्ताहराचा हमाल झाला. पदोन्नतीच म्हणायची — हमालाला निदान कोणी खोटं लिहायला सांगत नाही.

मुअल्लिम मितवल्ली ओट्यावर मांडी घालून बसले होते. गल्लीतले सगळे कारागीर त्यांना मुअल्लिम म्हणतात, म्हणजे उस्ताद. बोटाला लोखंडी अंगुस्तान, मिशीला चिकटलेला निळा दोरा. कागद उलगडला. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग उलट्या दिशेनं पाहिलं.

“फूल नाही. तारा नाही. कुराणातली आयत नाही. बाईसाहेब, ही लग्नाची का मयताची?”

“दोन्हीची नाही.”

“मग हिच्यात बसणार कोण?”

“कोणी बसणार नाही, मुअल्लिम. उभं राहून बघणार.”

“अच्छा. म्हणजे फुकटे.”

मोठाले तिरके तुकडे आहेत — विटकरी, काळा, नाईलच्या गढूळ पाण्यासारखा हिरवा. एकमेकांवर रेलून उभे, बसला उशीर झाल्यावर माणसं रेलतात तसे. आणि उजवीकडे वर एक भलीमोठी जागा कोरी. नुसतं कापड.

“इथं काय?”

“तिथं काही नाही.”

“म्हणजे मागाहून सांगणार?”

“काही नाही म्हणजे काही नाही, मुअल्लिम.”

मितवल्लींनी दोन्ही हात पसरून ती जागा मोजली. हात पुरेनात. “एवढं काही नाही?” ओट्यावरचे सगळे हसले. मीही. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते शिवणकामापेक्षा महाग पडतं. नीट सांभाळा.”

आमच्या वाईच्या पाठशाळेत शास्त्रीबुवांनी शून्यावर दोन पावसाळे घालवले होते. मितवल्ली तिथं असते तर एका हातवाऱ्यात सगळा विषय आटोपला असता.

शेवटी काम घेतलं. का? — तर त्यांची मुलगी बाईंच्या वर्गात होती. “तिनं सांगितलंय, बाईंना नाही म्हटलंत तर घरी जेवायला येऊ नका.”

२ फेब्रुवारी

पुण्याहून संपादकांचं पत्र. “राजकारण पुरे. वाचकांना उंटांविषयी काही रंजक हवे.” एकोणीस वर्षं या शहरात काढली, उंटाची आणि माझी ओळख अजून सलामापलीकडं गेलेली नाही.

१० फेब्रुवारी

बाई रोज शाळा सुटली की थेट तंबूवाल्यांच्या गल्लीत. पहिल्या आठवड्यात त्यांना पाहून कारागिरांनी शिव्या देणं थांबवलं होतं. आता पुन्हा सुरू केलंय. म्हणजे बाई तिथल्या झाल्या.

आज मीही गेलो. टाक्यावरून जुंपली होती. टाका दिसता कामा नये हा गल्लीचा धर्म. बाईंना विटकरी तुकड्याच्या कडेला टाका दिसायला हवा होता, काळ्या दोऱ्याचा, ढळढळीत. मितवल्ली म्हणाले, “लोक म्हणतील मितवल्लीला दिसेनासं झालं.” बाई म्हणाल्या, “लोक म्हणतील मितवल्लीचा हात दिसला.” मग मुअल्लिमांनी काळा दोरा ओवला. स्तुतीपुढं शंकरही विरघळतो, हे तर माणूस.

निघताना मला बाजूला घेऊन हळूच — “साहेब, तुम्ही त्यांच्या जवळचे. ती कोरी जागा... त्या खरंच म्हणतात?”

“खरंच.”

“माझ्या दुकानातून अर्धी कनात बाहेर गेलेली नाही कधी. बाप कबरीत कूस बदलेल.”

मी म्हटलं, बदलू द्या, एकाच कुशीवर अवघडत असतील. त्यांना विनोद आवडला नाही.

२६ फेब्रुवारी

काय लिहू!

आज कनात आणायची होती. बाई पुढं, मी मागं. दुकानासमोर गल्लीतले सगळे गोळा झालेले, सरबताचे पेले, मितवल्ली नव्या झब्ब्यात. कनात छतापासून खाली सोडलेली. त्यांनी स्वतःच्या हातानं कापड सारखं केलं आणि एखाद्या नवऱ्या मुलाच्या बापासारखे बाजूला झाले.

कोऱ्या जागेत कमळ!

पांढरं आणि निळं. पाकळीत पाकळी, पाकळीत पाकळी, भोवती वेलीचं कडं. इतकं देखणं काम मी या गल्लीत पाहिलेलं नाही. मितवल्लींनी स्वतः केलेलं. बाई शाळेत असताना, सकाळी सकाळी, दुपदरी मेणाच्या दोऱ्यानं — शंभर वर्षं टिकावं म्हणून! बिदागी न घेता. त्यांना वाटलं, बाईंकडं पुढचं शिवून घ्यायला पैसे नाहीत आणि मानी स्वभावामुळं त्या “काही नाही, काही नाही” म्हणतात. उघड विचारणं म्हणजे अपमान. म्हणून सगळ्या ओट्यानं मिळून ठरवलं — बाईंची अब्रू झाकायची.

बाई पाहत राहिल्या. मी त्यांचा चेहरा पाहत राहिलो. आता फुटणार, आता फुटणार.

“मुअल्लिम,” त्या म्हणाल्या, “याच्याहून सुंदर कमळ मी पाहिलेलं नाही.”

मग सरबत घेतलं. सगळ्यांशी बोलल्या. कनात गुंडाळून गाडीवर घातली. गल्लीच्या तोंडापर्यंत हसत होत्या. वळल्यावर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हिंदीसाहेब, तुमच्याकडं बारीक कात्री आहे?”

२८ फेब्रुवारी

उसवणं चालू. मेणाचा दोरा, तंबूवाल्याचा टाका — सुटतो कसला! कापड फाटू न देता एकेक टाका कापायचा, चिमट्यानं ओढायचा. कनात दिवाणखान्यात, कारण सित्त दौलत वर येऊ शकत नाहीत. होय, सित्त दौलतसुद्धा! नाकाच्या टोकावर चष्मा, हातात कात्री.

“शेवटी जोगिणींनी शिकवलेलं कामी आलं. शिवायला नाही, उसवायला. अरे हिंदी, नुसता बघतोस काय? तुझ्या त्या संस्कृतात उसवण्याचा मंत्र नाही?”

मी सांगितलं, आमच्याकडं सगळं शास्त्र त्याचंच आहे — मोहाची गाठ सोडवा म्हणतात. फक्त कात्री देत नाहीत.

मितवल्लींना कळायला नको, एवढीच बाईंची अट. पाकळ्या जशा सुटतील तशा त्या चपट्या करून, पुसून, वहीच्या पानांसारख्या एकावर एक ठेवतात. एकही टाकली नाही.

५ मार्च

कमळ गेलं. जागा कोरी झाली. पण कोरी कुठली! दोऱ्याचं प्रत्येक भोक तसंच आहे. जाड सुईनं कापडाचे धागे सरकले ते सरकले. जवळून पाहिलं तर देवीचे व्रण. धुतलं तर भोकं मिटतील, पण मग विटकरी रंग पांढऱ्यावर उतरेल.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. बराच वेळ बोट फिरवत होत्या त्या व्रणांवरून.

१५ मार्च

निकाल.

चित्रविभाग म्हणाला : हे शिवणकाम आहे, हस्तकला विभागात पाठवा. हस्तकला विभाग म्हणाला : यात नक्षी नाही, ही हस्तकला कशी? चित्रविभागात पाठवा. चित्रविभाग म्हणाला : आमची मुदत संपली.

परीक्षकांचे प्रमुख बहगत बे. ‘बे’ ही पदवी सरकारनं काढून घेऊन तीन वर्षं झाली, पण बहगत बेंच्या मिशांना कोणी कळवलेलं दिसत नाही. बाईंना म्हणाले, “आमची इन्शिराह गुणी आहे. पण पोरी, भिंतीवर लावायला आणलंस काय — तंबू!” बाजूच्या दोघांनी हसण्याचं कर्तव्य बजावलं.

मी त्रिशंकूची गोष्ट सांगून पाहिली : ना स्वर्गात ना पृथ्वीवर, अधांतरी लटकलेला राजा. बाई म्हणाल्या, “लटकला ना? मग माझ्यापेक्षा बरा. माझी तर गुंडाळलेलीच आहे.”

१६ मार्च

गच्चीत शांतता. कापसाचा आकडा पहिल्या झटक्यात बरोबर. चैन पडेना.

२२ मार्च

बाईंनी आज कनात परत तंबूवाल्यांच्या गल्लीत नेली. मी विचारलं, विकणार? “भाड्यानं देणार. मांडवाला. तिला माणसांसमोर उभी राहायची सवय असते ना — राहू दे उभी.”

कमळ उसवलेलं मितवल्लींना तिथंच कळलं. मी दुसरीकडं पाहू लागलो. ते कोऱ्या जागेजवळ गेले, भोकांवर तळवा ठेवला. मग बाईंनी पिशवीतून पाकळ्यांची चळत काढून त्यांच्या हातात दिली. एकही हरवली नव्हती.

“म्हणजे खरंच काही नको होतं तिथं?”

“खरंच, मुअल्लिम.”

“मग त्या दिवशी सरबत का प्यायलात?”

“सरबत चांगलं होतं.”

म्हाताऱ्यानं नाक ओढलं. “मयताला देईन,” म्हणाला. “लग्नवाले तक्रार करतात. मयतवाल्यांचं लक्ष नसतं.”

५ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

आमचे कागदवाले हाज्ज सनूसी वारले. माझी शाई, माझे टाक, माझी उधार गप्पांची जागा. दुपारची नमाज झाल्यावर मांडवात गेलो. गल्लीच्या दोन्ही भिंतींमधला मांडव, तिन्ही बाजू बंद, वर छत. आत थंड काळोख. खुर्च्यांच्या रांगा, बिनसाखरेची कॉफी, कारी डोळे मिटून कुराणाचं पठण करतोय.

पश्चिमेच्या अंगाला कनात दिसली — विटकरी, काळी, हिरवी. आपली! दुकानात, दिवाणखान्यात कैकदा पाहिली, तरी मांडवात उभी अशी पहिल्यांदाच पाहिली. छान दिसत होती. एवढ्यात बाहेर ऊन उतरून कनातीच्या मागं आलं.

आणि कोऱ्या जागेत कमळ उगवलं. कापडाचं नव्हे. उजेडाचं! प्रत्येक टाक्याचं भोक पेटलं. पाकळीत पाकळी, पाकळीत पाकळी, काळोखात नुसते ठिपके. वारा आला की कापड फुगायचं आणि कमळ श्वास घेतल्यासारखं हलायचं. ठिपके माणसांवर पडले होते — झब्ब्यांवर, टकलांवर, कॉफीच्या पेल्यांवर. माझ्या शेजारचा म्हातारा, कोण कुठला, तळवा पुढं करून एक ठिपका झेलत बसला होता. ठिपका सरकला की तळवा सरकवायचा.

घुणाक्षरन्याय! किडा आपल्या भुकेनं लाकूड कोरतो आणि त्यात अक्षर उमटतं. किड्यालाही ठाऊक नसतं. शास्त्रीबुवांनी हा न्याय शिकवताना मी झोपलो होतो. आज जाग आली.

ऊन छपराआड गेलं. पुन्हा कोरं कापड.

६ एप्रिल

बाईंना सांगितलं. म्हणजे सांगायला गेलो आणि जन्मभराचा वार्ताहर तोतरा झालो. “ठिपके,” म्हटलं. “कमळ. म्हणजे कमळ नाही — म्हणजे आहेच.”

“किती मोठे ठिपके? पांढरे का पिवळे? कडं दिसलं का? सगळ्या पाकळ्या एकदम पेटल्या का एकेक?”

नाही सांगता आलं. त्या म्हणाल्या, “गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं. त्या कारीनं डोळे मिटले होते, तो सोडून. आणि मी?”

मयताच्या मांडवात पुरुष बसतात. बायका वर घरात. इथं हे कोणाला सांगावं लागत नाही, आणि मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच खटकलं.

सित्त दौलत पलंगावरून : “तुला कशाचं एवढं वाईट वाटतं? माझ्या मयताच्या मांडवात मीसुद्धा नसणार! कॉफी बाप्ये पिणार.”

८ एप्रिल

शुक्रवार. बाईंनी कनात मागवून आणली आणि गच्चीतल्या दोऱ्यांवर टांगली. उन्हासमोर. मी, बाई, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढवलेल्या सित्त दौलत — साऱ्या इमारतीनं मिळून चढवल्या!

काही नाही. चारी बाजूंनी उजेड, वर एवढं आभाळ. भोकं म्हणजे भोकं. बाई वाकल्या, उठल्या, लांब गेल्या, जवळ आल्या.

“हिंदीसाहेब,” शेवटी म्हणाल्या, “हाज्ज सनूसींकडं कॉफीच होती ना?”

मी म्हटलं, काळोख हवा, बंद मांडव हवा. मितवल्लींना विचारलं तर ते दोन पावलं मागं सरले. “रिकामा मांडव उभारायचा? आमच्या दुकानात नाही चालत. रिकामा मांडव माणूस मागतो.”

“तो हिंदी खोटं बोलत नाही,” सित्त दौलतनी निकाल दिला. “खोटं बोलायला कल्पना लागते.”

एवढी मनापासून केलेली स्तुती मला आजवर मिळालेली नाही.

१२ एप्रिल

आता गंमत बघा. परवा कोण्या न्यायाधीशांचं मयत झालं. मांडव मितवल्लींचा, आणि दिवेलागणीला भेटायला कोण आलं? बहगत बे! अर्धा तास कनातीसमोर बसले. विचारलं, ही कोणाची? मितवल्लींनी छाती काढून सांगितलं.

आज स्वतः घरी आले. दोन जिने चढून! इटलीतल्या प्रदर्शनाला जाणाऱ्या चित्रांच्या पेट्यांत कनातीला जागा करतो म्हणाले. मुख्य भिंत. “आमची इन्शिराह! मी सुरुवातीपासून म्हणत होतो.” मिशांनी साक्ष दिली.

एकच अट. “मागून भोकं भोकं आहेत, किडीनं खाल्ल्यासारखी. परदेशात लाज जाईल. मागून जाड अस्तर लावून घ्या. आणि आता ती मयतांना देऊ नका.” पेट्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी बंद होणार.

बेंनी कनात दिव्यांच्या उजेडात पाहिली. दिवे आत, काळोख बाहेर. त्यांना ठिपके दिसणार कसे?

अस्तर लावलं की कमळ मेलं.

१४ एप्रिल

बाई माझ्याकडं आल्या. उभ्याच राहिल्या.

“शपथेवर सांगा. जेवढं सांगितलंत तेवढं होतं?”

मी विचार केला. खरोखर केला. एकोणीस वर्षं मी चार माणसांचा ‘जनसमुदाय’ आणि शिंतोड्यांचा ‘मुसळधार’ करत आलोय. हाज्ज सनूसी गेल्यानं मन भरून आलं होतं. डोळेही. ओल्या डोळ्यांना कुठलाही उजेड फुटून दिसतो. किती पाहिलं आणि किती माझं?

“मला वाटतं, होतं,” म्हटलं.

“वाटतं!” त्या हसल्या, पण चांगलं नाही हसल्या. “एका बाजूला इटलीतली भिंत. दुसऱ्या बाजूला एका वार्ताहराला वाटलेलं. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

मग त्यांनी मितवल्लींना निरोप धाडला : पुढच्या गुरुवारी अस्तर.

बरोबरच आहे. मीही तेच केलं असतं. — नसतं केलं. पण मी मनानं ठरवणारा आहे, त्या हातानं.

१८ एप्रिल

वसंताचा सण. अख्खं शहर बागांमध्ये, कांदे आणि खारवलेले मासे घेऊन. सित्त दौलतना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. त्यांनी अख्खा मासा खाल्ला, बोटं चाटली, मलाही बळंबळं खायला लावला. ब्राह्मणाची पोटातल्या पोटात शुद्धी झाली.

“आई, डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टर दरवर्षी म्हणतो. मासा वर्षातून एकदा येतो.”

मग मला : “हिंदी, ते तुझे ठिपके. माझ्यावर पडले असते का रे, मी तिथं असते तर?”

“पडले असते, सित्त दौलत.”

“‘वाटतं’ नाही म्हणालास. शाबास.”

१९ एप्रिल

सित्त दौलत गेल्या. सकाळी, कॉफी येण्याआधी.

मांडवासाठी मितवल्ली स्वतः आले. मी त्यांना आपल्या कनातीविषयी एकच शब्द सांगितला — पश्चिमेला.

२० एप्रिल

मांडव आमच्याच गल्लीत. ऊन मागं आलं, कमळ उगवलं. मान वर केली तर दारात ती. काळा पोशाख. दारात उभा तिचा मामेभाऊ हळूच म्हणाला, “इन्शिराह, बायका वर आहेत.”

“ठाऊक आहे,” म्हणाली, आणि आत येऊन पहिल्या रांगेत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. कारी एक श्वास थांबला. मग त्यानं पुढची आयत घेतली. कोणी उठलं नाही.

काळ्या कापडावर ठिपके दिसेनात. तिनं तळवा उघडून मांडीवर ठेवला.

ऊन जाईपर्यंत बसली. उठली तेव्हा मितवल्ली कोपऱ्यात अस्तराचा गठ्ठा काखेत धरून उभे होते. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग माझ्याकडं वळली.

“हिंदीसाहेब, तुम्ही कमी सांगितलंत.”